फळीची जाडी : फिरत्या आऱ्याचे माप कसे बसवावे

एक इंच म्हणजे आठ सूत. हे कोष्टक आपल्या भागातील प्रत्येक वाढयाला तोंडपाठ असते. लाकूड मात्र घनफुटावर विकले जाते. आठ फूट लांब, आठ इंच रुंद आणि एक इंच जाड फळीचे घनफूट काढले तर ते सुमारे ०.४४ येते. हीच फळी जाडीला एक सूत कमी निघाली, तर डोळ्यांना फरक दिसत नाही. पण लाकूड आठवा हिस्सा कमी झालेले असते. घेणाऱ्याचे रुपयामागे साडेबारा पैसे गेले. उलट फळी एक सूत जास्त निघाली, तर तेच साडेबारा पैसे चिराई करणाऱ्याच्या किंवा झाडाच्या मालकाच्या खिशातून गेले. चोरी कोणीच केलेली नसते. आऱ्याचे माप बसलेले नसते, एवढेच.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत लिपिक. यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु यंत्रासाठी कर्ज मागणारे तरुण रोज समोर येतात. त्यांचा हप्ता कशाने फिटतो आणि कशाने थकतो, हे पाहण्याची सवय आम्हाला जडली आहे. लाकूड चिराईच्या धंद्यात हप्ता मिलिमीटरमध्ये थकतो, असे आमचे मत झाले आहे. म्हणून आरा चालविणाऱ्यांकडून व वाढयांकडून जे समजून घेतले आणि हिशेबाने जे पडताळता आले, ते या लेखात क्रमवार मांडत आहोत. ज्यांना हा धंदा करावयाचा आहे त्यांना तो उपयोगी पडेल. आणि ज्यांना केवळ आपल्या धुऱ्यावरचे झाड चिरून घ्यावयाचे आहे, त्यांनाही काय तपासावे हे कळेल.

जाडीला एवढे महत्त्व का?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. परंतु येथील लाकडाचा व्यवहार फार जुना आहे. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत साग, येन, बिजा, धावडा ही झाडे माणसांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. शेताच्या धुऱ्यावर साग राखून ठेवण्याची रीत आहे. नीलगिरीही पुष्कळ ठिकाणी लावलेली दिसते.

नेमक्या जाडीचे महत्त्व रेल्वेने या भागाला फार पूर्वी शिकविले. गोंदियाहून जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज लाईन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली. त्या काळी पुष्कळ ठिकाणी रूळ लाकडी स्लीपरवर बसत. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर ९ फूट लांब, १० इंच रुंद व ५ इंच जाड असे. शेजारचे दोन स्लीपर जाडीला वेगवेगळे असले तर रूळ एका पातळीत बसणार कसा? तेव्हा जाडी ही शोभेची बाब नव्हती, गाडीच्या सुरक्षिततेची होती.

घराच्या दाराचेही तसेच आहे. चार फळ्या जोडून दाराचा पल्ला करायचा; एक फळी २५ मिलिमीटर, दुसरी २३, तिसरी २७ असेल, तर वाढयाला सर्वांत पातळ फळीपर्यंत बाकीच्या रंधून आणाव्या लागतात. म्हणजे जाड फळ्यांतील जादा लाकूड रंध्याच्या सालपटांत जाते. मजुरी वाढते ती वेगळीच. रंधा लाकूड कमी करू शकतो. कमी पडलेले लाकूड कोणतेही हत्यार भरून देत नाही.

फिरता आरा म्हणजे काय?

गावातील नेहमीच्या आरा मशीनमध्ये पट्ट्याचे पाते उभे असते. ते जागेवर फिरते आणि लठ्ठा ट्रॉलीवरून त्याच्याकडे सरकतो. फिरत्या आऱ्यात याच्या उलट असते. लठ्ठा बेडवर स्थिर राहतो. दोन चाकांवर ताणलेले पाते आडवे असते. इंजिन, चाके व पाते मिळून जे ‘हेड’ होते, ते दोन्ही बाजूंच्या रुळांवरून लठ्ठ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. एक फळी निघाली की हेड मागे आणून खाली उतरवायचे आणि पुढची फळी काढायची. संपूर्ण यंत्र गाडीला जोडून नेता येते. पातळ पात्याचे असे फिरते आरे अमेरिकेत वूड-मायझर या कंपनीने १९८२ पासून बनविले आणि पुढे ते जगभर पसरले.

यंत्र चाकांवर आहे म्हणून कायद्याच्या बाहेर आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून आरागिरण्यांवर देशभर नियंत्रण आले. केंद्र शासनाने २०१६ साली लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाजगी जागेतील सागासारखे झाड तोडायलाही महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. म्हणून यंत्राचे कोटेशन आणण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करावी. परवान्याशिवाय घेतलेले यंत्र जप्त झाले तरी कर्जाचा हप्ता जप्त होत नाही.

दोन शब्द आधी समजून घ्यावेत

पहिला शब्द ‘चीर’. पाते लाकडातून जाताना जेवढ्या रुंदीचे लाकूड भुसा होते, त्या रुंदीला आपण या लेखात चीर म्हणू. पात्याचा पत्रा साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. पण दात आळीपाळीने वर व खाली वाकविलेले असतात, म्हणून चीर पत्र्यापेक्षा रुंद पडते. फिरत्या आऱ्याची चीर दोन मिलिमीटरच्या आसपास असते.

दुसरा शब्द ‘उतार’. एक फळी काढल्यावर हेड जेवढे खाली आणतो तो उतार. या दोन शब्दांवर सर्व हिशेब उभा आहे :

उतार = फळीची जाडी + चीर

नवीन माणूस येथेच चुकतो. २५ मिलिमीटरची फळी पाहिजे म्हणून तो हेड २५ मिलिमीटर खाली आणतो. दोन मिलिमीटर भुशात जातात आणि हातात २३ मिलिमीटरची फळी येते. बँकेत जसे व्याज वेगळे व मुद्दल वेगळे लिहावे लागते, तसे येथे फळी वेगळी व चीर वेगळी मोजावी लागते.

माप बसविण्याचा क्रम

हा क्रम बदलू नये. पाया वाकडा असताना वरचा काटा सरळ करण्यात अर्थ नसतो. मोजमाप करताना इंजिन पूर्ण बंद करून प्लगची तार काढून ठेवावी. पात्याला हात लावताना जाड हातमोजे वापरावेत.

१. जमीन व रूळ. चिखलणीच्या बांधीत किंवा नांगरलेल्या जमिनीवर यंत्र मांडू नये. पायांखाली जाड लाकडी ठोकळे द्यावेत. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही रूळ चारही कोपऱ्यांत एका पातळीत आणावेत. नंतर रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नायलॉनची दोरी ताणून मधला भाग खचला आहे का ते पाहावे. लठ्ठा चढविल्यावर वजनाने ठोकळे दबतात. म्हणून पहिला जड लठ्ठा चढविल्यावर ही तपासणी पुन्हा करावी.

२. पात्याचा ताण. यंत्राच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच ताण द्यावा. ढिले पाते लाकडातील गाठीजवळ वर-खाली होते आणि फळीवर लाटा उठतात. पाते तापले की लांबते हेही लक्षात असू द्यावे. चार मीटर लांबीचे पोलादी पाते वीस अंशांनी तापले तर सुमारे एक मिलिमीटरने वाढते. म्हणून काम सुरू झाल्यावर काही वेळाने ताण पुन्हा पाहावा आणि संध्याकाळी पाते सैल करून ठेवावे.

३. गाईड रोलर. लठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना पात्याला आधार देणारे रोलर असतात. ते पात्याला किंचित खाली दाबतात. पुष्कळ यंत्रांत हा दाब सहा मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. पण आपल्या यंत्राची पुस्तिका जे सांगेल ते प्रमाण मानावे. दोन्ही रोलर सारखे दाबत आहेत ना, हे पाहणे महत्त्वाचे.

४. पाते बेडला समांतर. बेडच्या आडव्या पट्टीपासून पात्यापर्यंतची उंची डाव्या बाजूला मोजावी, मग उजव्या बाजूला मोजावी. दोन्हीकडे खाली वाकविलेल्या दाताच्या टोकापर्यंतच मोजावे. एकीकडे वरचा दात व दुसरीकडे खालचा दात धरला तर फरक नसतानाही फरक दिसेल. दोन्ही मापे सारखी येईपर्यंत हेडच्या एका बाजूचा बोल्ट किंवा साखळी जुळवावी.

५. पात्याचा कल. एक सरळ पोलादी पट्टी पात्याच्या सपाट अंगाला, वाकविलेल्या दातांना स्पर्श न करता, चिमट्याने लावावी. ती पुढे व मागे सारखी बाहेर यावी. तिच्या पुढच्या व मागच्या टोकाची बेडपासून उंची मोजावी. पुढचे टोक वर असेल तर पाते लाकडात वर चढते. खाली असेल तर ते खाली बुडते. गाईड रोलरचा कोन बदलून हा कल काढता येतो.

६. काटा व मापपट्टी. एक चांगला रंधलेला कठीण लाकडाचा किंवा धातूचा ठोकळा घ्यावा. व्हर्निअरने मोजून तो समजा बरोबर १०० मिलिमीटर आहे. तो बेडवर ठेवून हेड हळूहळू खाली आणावे. खाली वाकविलेल्या दाताचे टोक ठोकळ्याला नुसते टेकले पाहिजे. ठोकळा व दात यांच्यामध्ये कागदाचा तुकडा अडकत अडकत निघावा. या स्थितीत काटा १०० वर आणून घट्ट करावा. काटा वाचताना डोळा समोरासमोर ठेवावा. वरून किंवा खालून पाहिले तर अर्धा मिलिमीटर सहज इकडे-तिकडे होतो.

७. उतरविण्याची दिशा. हेड वर-खाली करणाऱ्या आट्यांत किंवा साखळीत थोडी ढिलाई असतेच. तिच्यामुळे खालून वर येऊन थांबलेला काटा आणि वरून खाली येऊन थांबलेला काटा यांचा अर्थ एक नसतो. यावर साधा नियम : नेहमी वरूनच खाली यावे. हेड चुकून जास्त खाली गेले तर नेमके तेवढेच वर घेऊ नये. चांगले वीस-पंचवीस मिलिमीटर वर घ्यावे आणि पुन्हा खाली येऊन थांबावे. उभ्या खांबांवर भुसा साचला असेल तर हेड तेथे अडकते आणि चिराई चालू असताना धक्क्याने खाली बसते. अशी फळी अर्धी जाड व अर्धी पातळ निघते. म्हणून खांब पुसणे हेही माप बसविण्याचेच काम आहे.

चाचणी आणि रोजमेळ

एवढे झाल्यावर यंत्र बरोबर आहे असे म्हणू नये. बँकेत संध्याकाळी रोकड मोजल्याशिवाय कोणी घरी जात नाही. सुरुवातीची शिल्लक, आलेली, गेलेली आणि हातातील शिल्लक जुळली पाहिजे. लाकडाचीही अशीच जुळणी करता येते.

एक हलका, सरळ, चौरस केलेला लठ्ठा बेडवर ठेवावा. वरचा पृष्ठभाग एकदा साफ कापून घ्यावा. आता व्हर्निअरने उंची मोजावी. समजा ती १८० मिलिमीटर आली. चीर दोन मिलिमीटर धरून, काट्यावर प्रत्येक वेळी २७ मिलिमीटर उतार देऊन पाच फळ्या काढाव्यात. प्रत्येक फळी सहा ठिकाणी मोजावी : दोन्ही टोके व मध्य, आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही कडा. नंतर खाली उरलेला तुकडा मोजावा.

समजा पाच फळ्यांच्या सरासरी जाडींची बेरीज १२४ आली आणि खालचा तुकडा ४५ उरला. आता हिशेब असा : १८० मधून १२४ व ४५ वजा केले, उरले ११. हे अकरा मिलिमीटर पाच चिरांत गेले. म्हणजे एक चीर २.२ मिलिमीटर. आपण दोन धरली होती, म्हणून प्रत्येक फळी सरासरी ०.२ ने पातळ, म्हणजे २४.८ निघाली. पुढे उतार २७.२ ठेवला की फळी २५ निघेल.

याच जुळणीतून दुसरी चूकही पकडता येते. पाच उतार २७ प्रमाणे १३५ झाले. १८० मधून १३५ गेले तर ४५ उरायला पाहिजेत. ४५ उरले म्हणजे काटा खरा बोलत आहे. तेथे ४४ उरले असते तर हेड प्रत्यक्षात १३६ उतरले, म्हणजे प्रत्येक उतारात ०.२ मिलिमीटर जास्त, असे समजावे. दोष चिरेत आहे की काट्यात आहे, हे असे वेगळे करता येते. दोन्ही चुका एकाच वेळी असतील तर कधीकधी त्या एकमेकींना झाकतात; म्हणून केवळ फळी मोजून समाधान मानू नये, उरलेला तुकडाही मोजावा.

फळी काय सांगते?

चाचणीच्या फळ्या वहीत लिहून ओळीने वाचाव्यात. त्यांचा बोध साधारण असा होतो.

सर्व फळ्या सारख्याच पातळ किंवा सारख्याच जाड असतील, तर चीर किंवा काटा चुकला आहे. सुधारणे सोपे.

एक फळी जाड, पुढची पातळ, पुन्हा जाड असे होत असेल, तर आट्यांतील ढिलाई, खांबांवरील भुसा किंवा उतरविण्याची दिशा यांत दोष आहे.

एकाच फळीवर लाटा असतील, तर पाते बोथट झाले आहे, ताण कमी आहे किंवा हेड ढकलण्याची घाई झाली आहे.

मधल्या फळ्या नेमक्या आणि सर्वांत खालची फळी मात्र एका कडेला जाड असेल, तर पाते बेडला समांतर नाही. ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पाते तिरपे असले तरी प्रत्येक चीर सारखीच तिरपी पडते. त्यामुळे मधल्या फळ्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींना समांतरच राहतात. तिरपेपणा उघड होतो तो बेडवर टेकलेल्या शेवटच्या फळीत. म्हणून मधल्या फळ्या उताराची साक्ष देतात आणि खालची फळी बेडची साक्ष देते. ग्राहकाने फळ्या तपासताना सर्वांत खालची फळी आधी मागावी.

फळी मध्यभागी जाड व टोकांना पातळ असेल, तर यंत्रापेक्षा लाकूड कारण असण्याचा संभव असतो. नीलगिरीच्या खोडात वाढीच्या वेळचा ताण भरलेला असतो. वरच्या फळ्या काढल्या की खालचे लाकूड आखडते आणि लठ्ठा मध्ये उचलतो. पुढची चीर सरळ जाते, पण लठ्ठा सरळ राहिलेला नसतो. यावर उपाय म्हणजे एकाच बाजूने सगळ्या फळ्या न काढता लठ्ठा उलटून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने चिरणे.

वरून मोजावे की खालून?

प्रत्येक वेळी मागच्या चिरेपासून २७.२ मिलिमीटर उतरणे ही एक पद्धत झाली. तिच्यात एक धोका आहे. प्रत्येक उतारात थोडी चूक झाली तर ती पुढच्या उतारात जमा होते, चक्रवाढ नसली तरी थकबाकीसारखी साचते. आणि तिचा भार शेवटच्या फळीवर पडतो.

दुसरी पद्धत बेडपासून वर मोजण्याची. २५ मिलिमीटरच्या फळ्या व २.२ मिलिमीटरची चीर असेल, तर बेडपासून पात्याच्या उंची आधीच काढून ठेवता येतात : २५.०, ५२.२, ७९.४, १०६.६, १३३.८, १६१.०, १८८.२ आणि याप्रमाणे पुढे २७.२ मिळवीत जावे. या खुणा बारीक पेन्सिलीने पट्टीवर करून ती पट्टी खांबाला लावावी. हेड वरून येऊन प्रत्येक खुणेवर थांबते. एका खुणेवर चूक झाली तरी ती पुढच्या खुणेवर जात नाही. पहिली साफ चीर यांपैकीच एखाद्या खुणेवर घेतली, म्हणजे शेवटची फळी अर्धवट उरत नाही. आमच्या मते नवीन माणसाने याच पद्धतीने सुरुवात करावी. वेगवेगळ्या जाडीसाठी वेगवेगळ्या पट्ट्या करून ठेवाव्यात आणि प्रत्येकीवर चीर किती धरली आहे ते लिहावे.

ओले लाकूड, सुके लाकूड

नुकत्याच तोडलेल्या झाडाची फळी २५ मिलिमीटरची काढली, तर ती वाळल्यावर २५ राहत नाही. साग यात फार गुणी; पूर्ण वाळेपर्यंत तो एका दिशेने सुमारे अडीच टक्के व दुसऱ्या दिशेने सुमारे पाच टक्के आकसतो. २५ मिलिमीटरला अर्धा ते एक मिलिमीटर धरला तर पुरतो. नीलगिरी याहून बरीच जास्त आकसते. त्यावर रंध्यासाठी दोन्ही बाजूंचे मिळून दोन मिलिमीटर ठेवावेत. म्हणजे तयार दारात २५ मिलिमीटर पाहिजे असेल, तर सागाची ओली फळी २८ मिलिमीटरची काढावी आणि उतार ३०.२ ठेवावा. गिऱ्हाइकाने ‘एक इंच’ म्हटले तर त्याला ओली पाहिजे की तयार पाहिजे, हे चिराईच्या आधीच विचारावे व वहीत लिहावे. अर्धी भांडणे या एका प्रश्नाने मिटतात.

मिलिमीटरचा जमाखर्च

आता आमच्या पेशाचा हिशेब. ३०० मिलिमीटर उंचीचा चौरस लठ्ठा आहे. २५ च्या फळ्या, चीर २.२. अकरा फळ्यांना २७५ आणि दहा चिरांना २२, एकूण २९७ मिलिमीटर लागतात. अकरा फळ्या बसल्या. आता माप न बसविलेल्या आऱ्यावर प्रत्येक फळी दोन मिलिमीटर जाड, म्हणजे २७ ची निघत असेल, तर अकरा फळ्यांना २९७ व चिरांना २२ मिळून ३१९ लागतील. तेवढे लाकूडच नाही. दहा फळ्या निघतील. अकरातली एक फळी गेली. पात्याची चीर पाच मिलिमीटर असेल, तर फळी नेमकी २५ ची असूनही दहाच निघतात. कारण अकरांना ३२५ मिलिमीटर लागतात.

एका लठ्ठ्यामागे एक फळी हा तोटा वहीत कोठेच दिसत नाही. डिझेल लिहिले जाते, मजुरी लिहिली जाते, पाते घासण्याचा खर्च लिहिला जातो. न निघालेली फळी कोणी लिहीत नाही. महिनाअखेर हप्ता भरायला पैसे कमी पडतात तेव्हा धंद्याला, बाजाराला आणि नशिबाला दोष दिला जातो.

यासाठी एक वही घालावी. तारीख, पाते कोणते, चीर किती आली, चाचणीच्या फळीची सर्वांत जाड व सर्वांत पातळ जागा, आणि काय दुरुस्त केले, एवढे पाच रकाने पुरेत. पाते घासले की दातांची फाक बदलते व चीरही बदलते. म्हणून पाते बदलले की नवी ओळ. यंत्र दुसऱ्या गावी नेले की नवी ओळ. धुऱ्यावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा जुना खिळा असतो. पाते त्यावर आदळले की एका बाजूचे दात बोथट होतात आणि पाते एका बाजूला ओढू लागते. तेव्हाही काम थांबवून पाते बदलावे व नवी ओळ लिहावी. चिराई सुरू असताना पात्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये, हा नियम त्या वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावा.

गिऱ्हाइकाचे म्हणाल तर त्यालाही वही दाखवावी. धुऱ्यावरचा साग तीस-चाळीस वर्षांनी तोडण्याजोगा होतो. बहुधा बापाने राखलेला असतो आणि मुलाच्या घराच्या चौकटीसाठी किंवा मुलीच्या लग्नातल्या दिवाणासाठी तो उतरतो. पिकाचे एक साल बुडाले तर पुढच्या सालाची आशा असते. झाड एकदाच चिरले जाते. ज्याच्या हातून ते नेमके चिरले गेले त्याचे नाव चार गावांत सांगितले जाते, आणि जाहिरातीचा खर्च वाचतो.

व्हर्निअर कॅलिपर, गुण्या, नायलॉनची दोरी, पाण्याची नळी आणि एक वही, एवढे साहित्य यासाठी पुरते. यंत्राच्या किमतीपुढे ते काहीच नाही. आमची तरुणांना सूचना एवढीच की, यंत्र आल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाचा लठ्ठा लावू नये. आपलाच एखादा हलका लठ्ठा लावावा, पाच फळ्या काढाव्यात, उरलेला तुकडा मोजावा आणि बेरीज जुळेपर्यंत उठू नये. बेरीज जुळली की दुसऱ्या दिवशीपासून चिराईचा दर ठरवावा.